ज्वालामुखी पेटतो तो पाण्याने

इंडोनेशियात किंवा जपानमध्ये एखादा ज्वालामुखी उसळला की बातमीसोबत एक रेखाचित्र हमखास येतं. समुद्रतळाची प्लेट शेजारच्या प्लेटखाली घुसते, खोलवर तापून वितळते आणि तोच रस डोंगराच्या तोंडातून बाहेर पडतो. चित्र सुटसुटीत आहे, पण त्यातलं ‘प्लेट वितळते’ हे बहुतेक ठिकाणी खरं नाही. कोट्यवधी वर्षं समुद्राखाली निवलेली ही प्लेट शंभर किलोमीटर खोल गेली तरी भोवतालच्या प्रावरणापेक्षा, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या तप्त खडकाच्या थरापेक्षा, शेकडो अंशांनी थंडच असते. मग इतकी थंड वस्तू आत शिरल्यावर तिच्या वरचा खडक वितळावा कशाने?

पाण्याने. हे पाणी डबक्यासारखं साठलेलं नसतं, ते खनिजांच्या स्फटिकांत बांधलेलं असतं. समुद्रतळाच्या भेगांतून झिरपलेलं पाणी खडकाशी संयोग पावतं आणि सर्पेंटाइन, अँफिबोल अशी जलयुक्त खनिजं तयार होतात. प्लेट खाली जाऊ लागली की दाब आणि तापमान वाढत जातं. एका टप्प्यावर ही खनिजं टिकत नाहीत. त्यांच्या जागी गार्नेटसारखी जड, कोरडी खनिजं येतात आणि सुटं झालेलं पाणी वरच्या प्रावरणात शिरतं. तिथला खडक असतो साधारण बाराशे-तेराशे अंशांवर. कोरडा असताना एवढ्या दाबाखाली तो वितळायला चौदाशेच्याही वर तापमान लागतं, पण पाणी मिसळलं की हजाराच्या आसपासही भागतं. बर्फावर मीठ टाकल्यावर होतं तेच इथे होतं: उष्णता वाढलेली नसते, द्रवणांक खाली आलेला असतो. असे ज्वालामुखी फुटतात ते इतके स्फोटक का, याचंही उत्तर याच पाण्यात आहे. शिलारस वर आला, दाब उतरला की त्यातलं पाणी वाफ होऊन फुगतं.

याचा पुरावा मला फार आवडतो. बेरिलियम-१० हे बेरिलियम या मूलद्रव्याचं किरणोत्सारी रूप वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होतं आणि पावसाबरोबर समुद्रतळाच्या गाळात जाऊन बसतं. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू नष्ट व्हायला लागणारा काळ, सुमारे १४ लाख वर्षं; म्हणून कोटीभर वर्षांत शंभरातला एक भागही उरत नाही. पृथ्वीच्या पोटात ते सापडायचं काहीच कारण नाही. तरीही १९८० च्या दशकात मध्य अमेरिका आणि अल्यूशियन बेटांच्या ताज्या लाव्हात ते सापडलं. आकाशातून पडलेले अणू गाळात गेले, प्लेटबरोबर शंभर किलोमीटर खाली उतरले आणि काही दशलक्ष वर्षांत लाव्हातून परत आले! ‘अमावस्येला ग्रह रांगेत येणार, रिंग ऑफ फायर (पॅसिफिकभोवतीचा ज्वालामुखींचा पट्टा) पेटणार’ असले फॉरवर्ड करणाऱ्यांना आकाशाचा ज्वालामुखीशी संबंध हवाच असेल, तर तो हा आहे.

आता थोडी भूमिती. ज्वालामुखींची रांग साधारणपणे घुसणारी प्लेट शंभरेक किलोमीटर खोल असते तिथे डोक्यावर उभी राहते. प्लेट ४५ अंशांनी उतरत असेल तर सागरी गर्तेपासून, म्हणजे प्लेट जिथे खाली वळते त्या समुद्रातल्या खोल चरापासून, रांगेचं अंतर शंभर किलोमीटर. २० अंशांनी उतरत असेल तर शंभर भागिले टॅन २०, म्हणजे पावणेतीनशे. म्हणून जुन्या खडकांत ही रांग सरकलेली दिसली की खालच्या प्लेटचा उतार बदलला असावा, अशी शंका घेता येते. आणि प्लेट जवळजवळ आडवीच सरकू लागली तर? पेरूमध्ये तसंच झालं आहे. तिथे वरच्या प्लेटच्या पोटाला चिकटून सरकणाऱ्या नाझ्का प्लेटने (पॅसिफिकच्या तळाची एक प्लेट) मधलं गरम प्रावरणच ढकलून दिलं आहे. पाणी सुटलं तरी वितळायला काही नाही. अँडीजच्या सुमारे दीड हजार किलोमीटर पट्ट्यात आज एकही जागृत ज्वालामुखी नाही.

जावा-सुमात्राची रांग उत्तरेला अंदमान समुद्रातल्या बॅरन बेटापर्यंत येते. दीडेक शतक शांत राहिलेलं हे बेट १९९१ मध्ये पुन्हा जागं झालं. हिमालयात मात्र अशी रांग नाही. भारत आशियाला धडकण्याआधी टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली जात होता, तेव्हा ती होती. लेहच्या मागचे करडे ग्रॅनाइटचे डोंगर म्हणजे त्या ज्वालामुखींखाली निवलेला शिलारस, वय बहुतांशी दहा ते पाच कोटी वर्षं. वरचे ज्वालामुखी बरेचसे झिजून गेले. समुद्रतळ संपला, मागून हलका आणि त्या मानाने कोरडा खंड आला, आणि पाण्याचा पुरवठाच तुटला.