बाएलो क्लाउदिया

स्पेनच्या दक्षिण टोकाजवळ, तारिफाच्या वायव्येस बोलोनियाच्या किनाऱ्यावरील रोमन नगर. वस्तीचा आरंभ साधारणतः इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा मानतात. नगराचा दर्जा सम्राट क्लॉडियसच्या काळात मिळाला असावा. चौक, मंदिरे व नाट्यगृह यांचे अवशेष आहेतच. रोमन आहाराच्या अभ्यासकाने मात्र आधी समुद्रालगतचे मासे खारवण्याचे हौद गाठावेत.

वसंताच्या उत्तरार्धात कुपा (ट्यूना) अंडी घालण्यासाठी अटलांटिकमधून जिब्राल्टरमार्गे भूमध्य समुद्रात शिरतो. तो जाळ्यांत अडवून किनाऱ्यावर कापत आणि मांसाचे तुकडे मिठाच्या थरांत रचत. हौद चौकोनी व गोल आहेत. आतील गिलावा चुना आणि कुटलेल्या खापऱ्यांचा, म्हणजे आपल्याकडील चुना-सुरखीच्या जातीचा. सांधे गोलाईने भरलेले दिसतात. ते कोरे ठेवले तर खारे पाणी झिरपते आणि कोपऱ्यात घाण अडकते.

उरलेली आतडी, रक्त आणि लहान अख्खे मासे यांपासून गारुम हा पातळ, खारट रस होई. दहाव्या शतकातील ‘जिओपोनिका’ या बायझंटाइन संकलनातील एका कृतीत १ मोडियस (सु. ८.७ लिटर) माशांना २ सेक्स्टेरियस (सु. १.१ लिटर) मीठ सांगितले आहे. मिश्रण रात्रभर मुरवून मातीच्या भांड्यात उघड्यावर २–३ महिने उन्हात ठेवावे, मधूनमधून काठीने ढवळावे. मासा विरघळतो तो मुख्यतः त्याच्याच आतड्यांतील विकरांमुळे. म्हणून साफ केलेल्या माशाचा रस नीट सुटत नाही. मीठ कमी पडल्यास मासा सडतो, फार झाल्यास विकरे मंदावतात. गाळून उरलेला चोथा ‘अलेक’ म्हणून खाल्ला जाई.

गारुम आणि लिक्वामेन (रोमन काळातील माशांच्या रसाचे दुसरे नाव) एकच होते काय, याबद्दल मतभेद आहेत. अभ्यासक रॉबर्ट कर्टिस यांच्या मते निदान उत्तरकाळात दोन्ही नावे एकाच रसाला लागू होती. रोमन पाककलेच्या अभ्यासक सॅली ग्रेंजर यांच्या मते लिक्वामेन अख्ख्या माशांचा व स्वयंपाकात घालण्याचा, तर गारुम रक्त-आतड्यांचा काळसर रस असून तो जेवताना वरून घेत. अपिसियसच्या नावावरील रोमन पाककृतिसंग्रहात जवळजवळ सर्वत्र लिक्वामेनच येते, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र हौदाच्या रचनेवरून त्यात कोणता रस होता हे ठरत नाही. त्यासाठी तळाशी राहिलेले काटे व खवले तपासावे लागतात.

तिसऱ्या शतकात भूकंपाने नगराची हानी झाली असावी; सातव्या शतकापर्यंत ते ओस पडले. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर पारी यांनी १९१७–२१ मध्ये येथे उत्खनन केले.