पोटभाडेकरू, रेशन आणि हशा: युद्धकाळातल्या अमेरिकी घरगुती विनोदपटांची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात हॉलिवूडने रणांगणाइतकीच घरातली ओढाताणही पडद्यावर आणली. या विनोदपटांची गंमत कळायची तर आधी त्या काळचं रेशन डोळ्यांसमोर हवं. मे १९४२ मध्ये साखरेवर नियंत्रण आलं, नोव्हेंबरात कॉफीवर आणि डिसेंबरात देशभर पेट्रोलवर. कॉफी माणशी पाच आठवड्यांना एक पौंड. फेब्रुवारी १९४३ पासून चामड्याचे बूट वर्षाला तीन जोड.

जून १९४२ मध्ये युद्ध माहिती कार्यालय स्थापन झालं. त्याने स्टुडिओंना मार्गदर्शिका दिली आणि प्रत्येक चित्रपटाला पहिला प्रश्न लावला: यामुळे युद्ध जिंकायला मदत होईल का? लोकांनी टंचाई हसतमुखाने सोसावी, एवढं सरकारला हवं होतं. टंचाई स्टुडिओंनाही चुकली नव्हती. एका चित्रपटाच्या सेटसाठी नवं सामान ५,००० डॉलरपर्यंतच घेता येई. त्यामुळे एकाच घरात घडणारी गोष्ट निर्मात्यांना परवडणारी होती. कच्च्या फिल्मची चणचण तर आपल्याकडेही होती. मुंबई-पुण्याच्या चित्रपटांना ११,००० फुटांची, म्हणजे साधारण दोन तासांची, मर्यादा घातली गेली.

या प्रकाराचा सर्वांत देखणा नमुना म्हणजे जॉर्ज स्टीव्हन्स यांचा ‘द मोअर द मेरियर’ (१९४३). वॉशिंग्टनमध्ये सरकारी नोकरांची इतकी गर्दी झाली होती की खोली मिळणं मुश्कील. देशसेवा म्हणून कॉनी आपलं अर्धं घर भाड्याने द्यायला काढते. तिला बाई भाडेकरू हवी असते, पण येतात वयस्कर डिंगल, आणि ते आपल्या अर्ध्यातलं अर्धं ज्यो नावाच्या सैनिकाला देऊन टाकतात! पोटभाडेकरूचाही पोटभाडेकरू.

सकाळचा प्रसंग तर घड्याळ लावून पाहावा. कॉनी डिंगलना घराचा नकाशा आणि मिनिटा-मिनिटाचं वेळापत्रक देते: सातला गजर, मग न्हाणीघर कोणाचं, कॉफी कोणी ठेवायची. डिंगल एक मिनिट चुकतात आणि पुढचं सगळं कोलमडतं, त्यातच त्यांची पँट हरवते. हा हशा केवळ तारांबळीचा नाही. न्हाणीघरासाठी ताटकळणं त्या प्रेक्षकाच्या रोजच्या ओळखीचं होतं. डिंगल साकारणाऱ्या चार्ल्स कोबर्न यांना ऑस्कर मिळालं, ते अगदी योग्यच.

अडचण यायची ती सेन्सॉरची. अविवाहित स्त्री-पुरुष एका छपराखाली, म्हणून मध्ये वडीलधारा माणूस असणं सोयीचं. प्रेस्टन स्टर्जेस यांच्या ‘द मिरॅकल ऑफ मॉर्गन्स क्रीक’मधली मुलगी सैनिकांच्या निरोप समारंभाच्या रात्री कोणाशी तरी लग्न करते आणि नवऱ्याचं नाव विसरते. दारूच्या नशेवर आक्षेप येणार, म्हणून नाचताना तिच्या डोक्याला मार बसतो आणि विसरण्याचं कारण तयार होतं. १९४२च्या अखेरीस चित्रित झालेला हा चित्रपट जानेवारी १९४४ मध्ये पडद्यावर आला.

अशा उशिराचा धोका मोठा. कॉफीचं रेशन जुलै १९४३ मध्येच उठलं, म्हणजे डब्यात पडून राहिलेला कॉफीवरचा विनोद आपोआप शिळा. १९६६ मध्ये ‘द मोअर द मेरियर’ची कथा ‘वॉक, डोन्ट रन’ म्हणून पुन्हा काढली, तेव्हा खोल्यांची टंचाई दाखवायला निर्मात्यांना टोकियो ऑलिंपिकची गर्दी शोधावी लागली.