20 चं लिमिट नवीन नाहीये, 1903 चं आहे

ब्रिटनमधल्या वेल्सने 17 सप्टेंबर 2023 ला वस्तीतल्या रस्त्यांचं डिफॉल्ट लिमिट ताशी 30 मैलांवरून 20 वर (म्हणजे साधारण 32 किमी) आणलं, तेव्हा लोक असे भडकले की जणू 30 हा आकडा देवानेच ठरवून दिलेला. अहो, ब्रिटनमध्ये 20 चं लिमिट 1903 च्या मोटार कार ॲक्टमध्येच आलंय, आणि ते अख्ख्या देशाला होतं.

त्याआधी 1865 च्या कायद्यात शहरात ताशी 2 मैल, आणि गाडीच्या पुढे लाल झेंडा घेऊन माणूस चालणार असला प्रकार. 1896 मध्ये हे सगळं मोडीत निघून लिमिट 14 झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपाशी ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली आली, मोटारीने मेलेली ब्रिटनमधली पहिली पादचारी तीच. असं परत कधी होऊ नये, असं तेव्हा कॉरोनर (मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) म्हणाला होता.

आता 1903 चं ते 20, ते कोणी पाळलंच नाही. 1905 ला ऑटोमोबाइल असोसिएशन ही मोटारवाल्यांची संघटना निघाली ती मुळात पोलिस कुठे दबा धरून बसलेत हे मेंबरांना कळवायला, पुढे तर त्यांचा रस्त्यावरचा माणूस मेंबरच्या गाडीला सलाम ठोकायचा आणि नाही ठोकला की समजून घ्यायचं, पुढे पोलिस आहेत (डोकं बघा कुठे चालवलं!). शेवटी पाळतच नाहीत तर ठेवायचं कशाला म्हणून 1930 ला कारचं लिमिटच काढून टाकलं. 1934 मध्ये रस्त्यावर 7,343 माणसं मेली, त्यात निम्म्याच्या आसपास पायी चालणारी. मग मार्च 1935 मध्ये वस्तीत 30 लागू झालं. तेव्हा वाहतूक मंत्री होते लेस्ली होर-बेलिशा, तिकडे क्रॉसिंगपाशी खांबावर ते पिवळे गोल दिवे असतात ना, ते त्यांच्याच नावाचे.

30 मग चिकटलंच. 1991 पासून शेफिल्डसारख्या ठिकाणी 20 चे झोन आले, पण गल्लीबोळापुरते. गणित साधंय, तिथल्या हायवे कोडप्रमाणे 20 ला गाडी थांबायला 12 मीटर लागतात, 30 ला 23.

वेल्सने झोनबिन न करता सरसकट केलं म्हणून बोंब झाली, विरोधातल्या पिटिशनवर साडेचार लाखांच्या वर सह्या पडल्या. अपघातात जखमी होणाऱ्यांचा आकडा खाली आला तरी 2024 मध्ये नव्या मंत्र्यांनी काही रस्ते परत 30 करायची वाट कौन्सिलांना मोकळी करून दिलीच.