हीलर धावला का नाही?

सातपूर एमआयडीसीत दुसरी पाळी करून आलेला माणूस गेम खेळायला बसतो, तेव्हा मध्यरात्र होत आलेली असते. कॉलेज रोडची त्याची टोळी एव्हाना झोपलेली. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममधल्या, म्हणजे एखादं पात्र घेऊन खेळायच्या गेममधल्या, बऱ्याच मोहिमा तर एकट्याच्या आवाक्यातल्या नसतात. मग कामाला येतात संगणकानं चालवलेले सोबती. मार झेलायला टँक, जखमा भरायला हीलर, बाकीचे हाणामारीला.

'गिल्ड वॉर्स' या ऑनलाइन गेमनं 2006 साली 'नाइटफॉल' या भागात असे 'हीरो' दिले. त्यांची कौशल्यं खेळाडूनं निवडायची आणि पवित्रा तीनपैकी एक ठरवायचा: तुटून पड, राखण कर किंवा लढाई टाळ. 2011 पासून सात हीरो घेऊन अख्खी टोळी एकट्यालाच उभी करता येऊ लागली.

पण नेमकी कधी कोणती कृती करायची, हे तीन बटणांत मावत नाही. त्यासाठी नियमांची यादी लागते. 'फायनल फँटसी 12' हा ऑनलाइन गेम नव्हे, तरी त्यातली 'गॅम्बिट' पद्धत मुळातून बघावी अशी आहे. प्रत्येक ओळीत एक अट आणि एक कृती; एका पात्राला जास्तीत जास्त 12 ओळी. संगणक यादी वरून वाचतो, पहिली खरी ठरलेली अट पकडतो आणि खालच्या ओळींकडे ढुंकूनही बघत नाही.

समजा, हीलरच्या यादीत पहिली ओळ 'समोरच्या शत्रूवर हल्ला' आणि दुसरी 'सोबत्याची ताकद 40 टक्क्यांखाली गेली तर उपचार'. शत्रू समोर आहे तोवर पहिली अट खरीच, त्यामुळे उपचाराची पाळी येतच नाही. टँक डोळ्यांदेखत आडवा होतो आणि खेळणारा हीलरच्या नावानं बोटं मोडतो. बिचारा सांगितलेलंच करत होता! दोन ओळींची अदलाबदल केली की तोच हीलर शहाणा वाटू लागतो.

पुढची अडचण उंबरठ्याची. ताकद 39 झाली, उपचार केला, 41 झाली, हल्ल्याला निघाला, पुन्हा 39. हीलरची नुसती येरझार. यावरचा उपाय सोसायटीच्या टाकीवरच्या ऑटोमॅटिक मोटरसारखा: पाणी खालच्या खुणेवर आलं की मोटर सुरू, आणि वरची खूण गाठेपर्यंत बंद नाही. हीलरनंही 40 ला सुरू करावं आणि 70 ला थांबावं. दोन हीलर असतील तर आणखी एक सोय हवी, 'याच्याकडे मी बघतोय' अशी सामाईक नोंद. नाहीतर दोघांची जादू एकाच जखमेवर खर्च होते आणि तिसरा मरतो.

ऑनलाइन गेममध्ये मात्र सोबत्यांना मोकळीक देताना गेम बनवणाऱ्यांना हात आखडता घ्यावाच लागतो. सोबती सगळंच आपणहून करू लागले, तर मालक झोपून राहील, पात्रं रात्रभर सोनं गोळा करतील आणि गेममधल्या बाजाराचं वाटोळं होईल. म्हणून काही कामं माणसाकडेच ठेवलेली बरी. 'गिल्ड वॉर्स'मध्ये हीरोनं कुठं उभं राहायचं, ते नकाशावर झेंडा रोवून सांगता येतं.

मला विचाराल तर नवे नियम वाढवण्याआधी एक सोपी गोष्ट करावी: सोबत्याच्या चित्राशेजारी आत्ता कितवा नियम लागू आहे, तो आकडा दाखवावा. 'नियम 1' सतत दिसत राहिला, की हीलर का अडलाय ते खेळणाऱ्याला लढाई संपायच्या आत कळतं.