९२५ हा आकडा आला कुठून?

चांदीच्या वस्तूवर ९२५ दिसले की हजारात ९२५ भाग चांदी आणि बाकी बहुतेक तांबे, हे ठाऊक असते. पण नेमके ९२५च का? त्याचे मूळ नाण्यांत आहे. जुन्या इंग्लंडात पौंड बारा औंसांचा आणि औंस वीस पेनीवेटचा, म्हणजे पौंडात २४० पेनीवेट. नाण्याच्या पौंडभर चांदीत हीण १८ पेनीवेट, शुद्ध चांदी २२२. भागाकार करून पाहा. १३०० साली भांड्यांनाही हाच कस लागू झाला आणि बिबट्याच्या मुखाचा ठसा आला. १४७८ पासून माल लंडनमध्ये सोनारांच्या सभागृहात, म्हणजे ‘हॉल’मध्ये, नेऊन तपासून घ्यावा लागे. हॉलमार्क हा शब्द तिथलाच. सिंहाचा ठसा १५४४ चा.

नाणे आणि भांडे एकाच कसाचे, ही सोय पुढे अंगाशी आली. लोक नाण्यांच्या कडा कातरत, कातरण वितळवत आणि त्याचे पेले घडत. कस जुळतो म्हटल्यावर ओळखणार कोण? १६९७ मध्ये सरकारने भांड्यांचा कस वाढवून ११ औंस १० पेनीवेट, म्हणजे ९५८ केला. नाणी तशीच ठेवली. आता नुसती नाणी वितळवून भागेना, वरून शुद्ध चांदी घालावी लागे. सिंहाच्या जागी बसलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेली स्त्री, आली. युक्ती हुशारीची खरी, पण कातरणारे राहिले बाजूला आणि सरळमार्गी कारागिराचा माल महागला, शिवाय जरा मऊही झाला.

१७२० मध्ये ९२५ परतले, ९५८ ऐच्छिक उरले. सोबत औंसामागे सहा पेन्स कर आला. तो चुकवायला काहींनी लहानशा वस्तूवर ठसे घेतले, तेवढा तुकडा कापला आणि जड किटलीच्या बुडाला डाग देऊन बसवला. अशा बुडावर तोंडाची वाफ सोडली की ठशांभोवती जोडाची रेघ उमटते.

बाकी देशांचे हिशेब निराळे. फ्रान्सचा जुना वरचा कस ९५०. जर्मनीत १८८८ पासून चंद्रकोर आणि मुकुट, किमान ८००. जुन्या रशियन चमच्यावरचा ८४ म्हणजे शेकडा ८४ नव्हे; तिथे ९६ म्हणजे पूर्ण शुद्ध, म्हणून ८४ चे होतात ८७५. आणि जर्मन सिल्व्हरमध्ये तर तांबे, निकेल, जस्त. चांदी औषधालाही नाही!

१९७२ च्या व्हिएन्ना कराराने सभासद देशांसाठी तराजूचा सामाईक ठसा ठरवला. ब्रिटनमध्ये १९९९ पासून आकडा सक्तीचा, सिंह ऐच्छिक. मात्र नुसता ९२५ कारखानदार स्वतःही मारू शकतो. त्याच्याशेजारी तपासणी कार्यालयाचा ठसा असेल, तरच तो माल तिसऱ्या कोणाच्या हातून तपासून गेलेला असतो.