डिझेल मोटरहोमच्या चॅसिसचे रिकॉल, सेवा मोहिमा आणि नेहमीच्या दुरुस्त्या : पात्रता, कागदपत्रे व दाव्याची पद्धत

अमेरिकेत विकली जाणारी मोठी डिझेल मोटरहोम एकाच कारखान्यात पूर्ण होत नाही. चॅसिस, म्हणजे चाके, ब्रेक आणि इंजिन यांचा आधार असलेला खालचा सांगाडा, फ्रेटलाइनर कस्टम चॅसिस किंवा स्पार्टन यांसारखी कंपनी तयार करते, त्यावर बहुधा कमिन्सचे इंजिन आणि ॲलिसनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसतो, आणि हे चालते चॅसिस मग दुसऱ्या उत्पादकाकडे जाऊन तेथे त्यावर राहण्याचा भाग उभा राहतो. त्यामुळे एखादा दोष उघडकीस आला की त्याची सूचना कोण देणार, दुरुस्ती कोठे होणार आणि खर्च कोणी सोसायचा, हे मालकाला सहजासहजी कळत नाही. गाडी थेट गॅरेजमध्ये नेऊन बिल भरण्याआधी पुढील माहिती तपासली, तर पुष्कळदा तेच काम विनाशुल्क होऊ शकते.

सूचनेचा प्रकार आधी ओळखावा

उत्पादकाकडून येणाऱ्या सर्व सूचनांचे कायदेशीर वजन सारखे नसते. रिकॉल म्हणजे दोष दुरुस्त करून देण्यासाठी उत्पादकाने वाहने परत बोलावणे. सुरक्षा रिकॉल हा सर्वांत बंधनकारक प्रकार आहे. सुरक्षेला धोका पोहोचवणारा दोष आहे किंवा संघीय सुरक्षा मानकाचा भंग झाला आहे असे ठरल्यावर उत्पादकाने पाच कामकाजी दिवसांत राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाला, म्हणजे एनएचटीएसएला, अहवाल द्यावा लागतो आणि त्यानंतर साधारणपणे ६० दिवसांच्या आत नोंदणीकृत मालकांना टपालाने कळवावे लागते. उपाय तयार नसेल तर आधी अंतरिम पत्र येते आणि सुटे भाग उपलब्ध झाल्यावर दुसरे पत्र येते. पहिले पत्र वाचून ‘आता काही करता येत नाही’ असे समजून ते टाकून देऊ नये, कारण धोका काय आहे आणि तोवर कोणती काळजी घ्यावी हे त्यातच लिहिलेले असते.

उत्सर्जन रिकॉल पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, अधिकारात येतो; कॅलिफोर्नियात राज्याचे हवा संसाधन मंडळही त्यावर देखरेख ठेवते. २०१८ मध्ये कमिन्सने २०१० ते २०१५ या मॉडेल वर्षांच्या सुमारे ५ लाख मध्यम व अवजड वाहनांसाठी असा रिकॉल जाहीर केला होता, कारण एक्झॉस्टमधील नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारा उत्प्रेरक अपेक्षेपेक्षा लवकर निकामी होत होता.

सेवा मोहीम मात्र उत्पादक स्वतःहून राबवतो. सुरक्षेशी थेट संबंध नसलेला पण वारंवार आढळणारा दोष त्यात मोफत दुरुस्त केला जातो. अशा मोहिमेला बहुधा अंतिम तारीख असते आणि ती उलटल्यावर काम आपल्या खर्चाने करावे लागते. तांत्रिक परिपत्रक याहून वेगळे आहे : विशिष्ट लक्षण दिसल्यास निदान व दुरुस्ती कशी करावी, याची ती डीलरला दिलेली सूचना असते. तिच्यामुळे मोफत दुरुस्तीचा हक्क मिळत नाही. वॉरंटी चालू असेल तरच खर्च उत्पादक सोसतो. तरीही परिपत्रकाचा क्रमांक हाताशी असणे उपयोगाचे ठरते, कारण त्यामुळे निदानात वाया जाणारे तास, आणि म्हणून मजुरी, वाचते. उत्पादकांनी डीलरांना पाठवलेली परिपत्रके एनएचटीएसएकडेही जमा करावी लागतात आणि त्या संस्थेच्या संकेतस्थळावर ती कोणालाही पाहता येतात.

पात्रता

पात्रता ठरते ती वाहनावरून. गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने घेतली असली, वॉरंटी संपलेली असली किंवा देखभाल दुसऱ्या गॅरेजमध्ये झालेली असली, तरी सुरक्षा रिकॉलची मोफत दुरुस्ती नाकारता येत नाही. मुख्य मर्यादा वयाची आहे. पहिल्या ग्राहकाने वाहन विकत घेतल्यापासून १५ वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर रिकॉलची सूचना निघाली, तर मोफत दुरुस्तीचे कायदेशीर बंधन राहत नाही. २०१५ पूर्वी ही मर्यादा १० वर्षांची होती. येथे मोजणी सूचनेच्या तारखेपर्यंत होते, आपण गाडी दुरुस्तीला नेतो त्या तारखेपर्यंत नव्हे. म्हणजे गाडी आठ वर्षांची असताना निघालेल्या रिकॉलचे काम ती सतरा वर्षांची झाल्यावरही मागता येते. टायरांना मात्र वेगळे व अधिक कडक नियम लागू होतात, म्हणून टायरांचा रिकॉल असेल तर पत्रातील मुदत त्याच दिवशी पाहावी.

व्हिन आणि शोधाची मर्यादा

सर्व शोधाचा पाया १७ अक्षर-अंकांचा वाहन ओळख क्रमांक, म्हणजे व्हिन, हाच आहे. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच येत नाहीत. तशी दिसल्यास ती एक किंवा शून्य समजावीत. मोटरहोमला चॅसिसच्या उत्पादकाने दिलेला व्हिनच पुढे कायम राहतो. चॅसिसचे मॉडेल वर्ष आणि वरच्या भागाचे मॉडेल वर्ष यांत मात्र एका वर्षाचा फरक असू शकतो, आणि डीलरने चुकीच्या वर्षावरून शोध घेतला तर ‘काही प्रलंबित नाही’ असे उत्तर मिळते. म्हणून वर्ष सांगून विचारू नये, पूर्ण व्हिन द्यावा.

एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर व्हिन टाकून प्रलंबित रिकॉल पाहता येतात आणि बहुतेक मालक तेथेच थांबतात. मोटरहोमसाठी तेवढे पुरेसे नाही, ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना समजावी. व्हिननुसार शोधाची सोय देण्याचे बंधन वर्षाला किमान २५ हजार हलकी वाहने किंवा ५ हजार मोटरसायकली बनवणाऱ्या उत्पादकांवरच आहे. अवजड चॅसिसच्या उत्पादकांवर ते नाही, त्यामुळे तेथे ‘प्रलंबित रिकॉल नाही’ असे दिसणे म्हणजे गाडी निर्दोष आहे असा दाखला होत नाही. शिवाय सेवा मोहिमा तेथे दिसत नाहीत, आणि नुकत्याच जाहीर झालेल्या रिकॉलमधील सर्व व्हिन नोंदवले जाण्यास वेळ लागतो. म्हणून हाच शोध चॅसिसच्या उत्पादकाकडे व्हिनवर, इंजिनच्या उत्पादकाकडे इंजिनच्या अनुक्रमांकावर, गिअरबॉक्ससाठी त्याच्या माहितीपट्टीवरील अनुक्रमांकावर आणि वरचा भाग बांधणाऱ्या उत्पादकाकडे त्याने दिलेल्या क्रमांकावर, असा स्वतंत्रपणे करावा. कमिन्सच्या इंजिनाचा इतिहास क्विकसर्व्ह ऑनलाइन या सेवेवर अनुक्रमांक देऊन पाहता येतो. इंजिन मागे, पलंगाखाली बंदिस्त असल्याने त्याची पट्टी वाचणे त्रासाचे असते. एकदा फोटो काढून तो गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा.

कागदपत्रे व डीलरकडील काम

रिकॉलच्या कामासाठी पत्र जवळ असलेच पाहिजे असे नाही. व्हिन आणि मोहिमेचा, म्हणजे त्या रिकॉलचा, क्रमांक पुरेसा असतो. तरीही नोंदणीपत्र, ओडोमीटरचे वाचन, गाडी पहिल्यांदा सेवेत आल्याची तारीख, इंजिनाचा अनुक्रमांक आणि आधीच्या दुरुस्त्यांची बिले सोबत असावीत. जुनी गाडी घेतली असेल तर मालकी बदलल्याची नोंद चॅसिस, इंजिन आणि वरचा भाग यांच्या उत्पादकांकडे वेगवेगळी करावी. एका ठिकाणी पत्ता बदलला की बाकीच्यांना तो आपोआप कळत नाही, आणि पत्रे जुन्या मालकाकडे जात राहतात.

भेटीची वेळ ठरवताना गाडीची लांबी, उंची आणि वजन आधीच सांगावे, कारण ट्रकचे प्रत्येक अधिकृत केंद्र मोटरहोम आत घेऊ शकतेच असे नाही. फ्रेटलाइनर कस्टम चॅसिसचे मोटरहोमसाठीचे डीलर ओॲसिस या नावाने वेगळे ओळखले जातात आणि साउथ कॅरोलायनातील गॅफनी येथे कंपनीचे स्वतःचे सेवा केंद्र आहे. भाग मागवून आला आहे याची खात्री होण्याआधी लांबचा प्रवास करू नये. काम झाल्यावर मिळणाऱ्या कागदावर व्हिन, मोहिमेचा क्रमांक, बदललेले भाग आणि तारीख लिहिलेली असल्याचे तेथेच तपासावे. उत्सर्जन रिकॉल असेल तर दुरुस्तीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. कॅलिफोर्नियात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी त्याची गरज पडू शकते.

आधी केलेल्या खर्चाची परतफेड

रिकॉल निघण्यापूर्वी तोच दोष आपण स्वखर्चाने दुरुस्त केला असेल, तर परतफेडीचा दावा करता येतो. दाव्यात मालकाचे नाव व पत्ता, व्हिन, रिकॉलची ओळख आणि भरलेल्या रकमेची पावती द्यावी लागते. बिलावर दोष व काम यांचे वर्णन स्पष्ट असले तर दावा टिकतो. ‘ब्रेकचे काम’ एवढेच लिहिलेले बिल अपुरे ठरण्याची शक्यता मोठी असते, म्हणून गॅरेजमधून निघण्यापूर्वीच सविस्तर वर्णन लिहून घ्यावे. दाव्याची मुदत पत्रात दिलेली असते. दावा मिळाल्यापासून ६० दिवसांत उत्पादकाने निर्णय द्यावा लागतो. कागद अपुरे असतील तर काय हवे ते कळवावे लागते आणि नकार दिल्यास कारण द्यावे लागते. भाग, मजुरी आणि कर यांचा विचार होतो. प्रवास रद्द झाल्याचे नुकसान किंवा हॉटेलचे भाडे या मार्गाने मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

नेहमीच्या दुरुस्त्या कोणत्या खात्यात येतात

मोटरहोम महिनोन्‌महिने उभी असते, त्यामुळे तिचे बरेच भाग मैलांपेक्षा काळाने खराब होतात. पुढच्या चाकांच्या हबमधील तेलाचे सील उभ्या गाडीत सुकतात आणि गळलेले तेल ब्रेकच्या अस्तरावर जाते. ब्रेकच्या हवेतील ओलावा शोषणाऱ्या एअर ड्रायरचे काडतूस वेळेवर बदलले नाही तर ओलावा ब्रेकच्या हवेच्या टाक्यांत साचतो. ही दोन्ही कामे झीज या सदरात मोडतात आणि ती साधारणपणे मालकाच्याच खर्चाने होतात. ब्रेकचे स्वयंचलित स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे अस्तर झिजल्यावर ब्रेकमधील ढिलाई आपोआप भरून काढणारे भाग, पुन्हा पुन्हा हाताने कसून घेणे ही दुरुस्ती नव्हे. ते स्वतः समायोजन करत नसतील तर कारण शोधावे, कारण हाताने कसल्यावर दोष झाकला जातो आणि उतारावर तो पुन्हा उघडा पडतो.

रेडिएटर मागे असलेल्या जुन्या गाड्यांत क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या तळकोठीच्या, श्वासनळीतून निघणारी तेलकट वाफ रेडिएटरच्या पट्ट्यांवर बसते, त्यावर रस्त्याची धूळ चिकटते आणि चढावर इंजिन तापू लागते. नळीचे तोंड पंख्याच्या झोतापासून दूर नेणे आणि पट्ट्या न वाकवता, सौम्य दाबाने, इंजिनाच्या बाजूने धुणे हा त्यावरचा उपाय आहे. थर्मोस्टॅट किंवा पाण्याचा पंप बदलण्याआधी हे पाहून घ्यावे.

२०१० नंतरच्या इंजिनांत डेफच्या, म्हणजे एक्झॉस्टमधील नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रवाच्या, टाकीतील सेन्सर हा सर्वांत तापदायक भाग ठरला आहे. हा द्रव ३२.५ टक्के युरियाचे पाणी असते; उष्णतेत तो लवकर खराब होतो आणि सुकल्यावर स्फटिक बनतात. सेन्सर चुकीचे वाचन देऊ लागला की इंजिनाची ताकद टप्प्याटप्प्याने कमी होते आणि शेवटी वेग ताशी ५ मैलांवर येऊ शकतो. २०२१ मध्ये चिपांच्या टंचाईमुळे हे सेन्सर मिळेनासे झाले तेव्हा अनेक मोटरहोम वाटेत अडकून पडल्या. हा भाग उत्सर्जन यंत्रणेचा असल्याने त्याला सामान्य वॉरंटीहून वेगळी उत्सर्जन वॉरंटी लागू असू शकते, म्हणून पैसे भरण्याआधी इंजिनाच्या अनुक्रमांकावर ती विचारून घ्यावी. यंत्रणाच काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. ते क्लीन एअर ॲक्ट या हवा प्रदूषणविषयक संघीय कायद्यानुसार बेकायदा आहे.

डीलर काम पुढे ढकलत राहिला तर

रिकॉलसाठी वाहन हजर केल्यावर ६० दिवसांत योग्य दुरुस्ती झाली नाही, तर वाजवी वेळेत काम झाले नाही असे कायदा प्रथमदर्शनी मानतो. म्हणून वाहन कधी नेले, काय सांगण्यात आले आणि कोणत्या भागाची वाट पाहायला सांगितले, याची लेखी नोंद ठेवावी. आधी उत्पादकाच्या ग्राहक विभागाला व्हिन व मोहिमेचा क्रमांक देऊन दुसरे अधिकृत केंद्र मागावे. तरीही उत्तर न मिळाल्यास एनएचटीएसएकडे संकेतस्थळावरून किंवा ८८८-३२७-४२३६ या दूरध्वनीवर तक्रार नोंदवावी. रिकॉल न निघालेल्या दोषाचीही तक्रार येथेच करता येते, आणि मोटरहोमच्या बाबतीत ती करणे विशेष गरजेचे आहे, कारण एकाच प्रकारच्या चॅसिसच्या गाड्या संख्येने कमी असतात आणि थोड्या तक्रारींवरूनही दोषाचा माग लागू शकतो. तक्रारीत व्हिन, मैल, वेग, दोष दिसला तेव्हाची स्थिती आणि काढून टाकलेला भाग जपून ठेवला आहे का, हे अवश्य लिहावे.