समुद्रात पडलेल्या वैमानिकाला आणायला जायचं कोणी?

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकवर उडणाऱ्या अमेरिकी वैमानिकाला शत्रूच्या तोफांइतकीच धास्ती असायची ती पाण्याची. मारियाना बेटांवरून निघालेलं बी-२९ हे बॉम्बफेकी विमान जपानपर्यंत सुमारे २,४०० किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. मधे सगळं पाणीच. इंजिन जळालं किंवा पेट्रोल संपलं की विमान लाटांवर टेकवायचं, रबरी तराफा फुगवायचा आणि वाट बघत बसायचं. पण वाट बघायची कोणाची? युद्धाच्या सुरुवातीला याचं धड उत्तर कोणाकडे नव्हतं.

युरोपात हा विचार आधी झाला होता. जर्मनांनी १९३५ मध्येच आपल्या कील बंदरात समुद्री बचावाची वेगळी संघटना उभी केली. ब्रिटिशांनी मात्र १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लिश खाडीत कसलेले वैमानिक बुडताना पाहिले आणि मग १९४१ मध्ये त्यांना जाग आली. पण खाडीचा हिशोब पॅसिफिकला लावून चालणार नव्हता. तिथे किनाऱ्यावरून वेगवान मोटरबोट सोडली की काम भागायचं. इथे सर्वांत जवळचा किनारा हजार किलोमीटरवर, आणि तोही बऱ्याचदा जपान्यांच्या ताब्यात.

ऑक्टोबर १९४२ मध्ये पहिल्या महायुद्धाचा नामवंत लढाऊ वैमानिक एडी रिकनबॅकर ज्या बी-१७ बॉम्बफेकी विमानातून चालला होता, ते वाट चुकून समुद्रात उतरलं. आठ जण चिमुकल्या तराफ्यांवर, आणि खायला चार संत्री. एक दिवस एक समुद्रपक्षी रिकनबॅकरच्या डोक्यावर येऊन बसला. त्याने तो पकडला, सगळ्यांनी कच्चाच वाटून खाल्ला आणि आतड्यांचं आमिष लावून मासे धरले. २४ दिवसांनी नौदलाच्या एका छोट्या सीप्लेनने (पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने) त्याला शोधलं. आठांपैकी एक जण तोवर गेला होता. माणूस प्रसिद्ध होता, बातमी गाजली, आणि तराफ्यात नेमकं काय सामान असावं याकडे वरिष्ठांचं लक्ष गेलं. पुढच्या काळात पाण्यावर हिरवट-पिवळा डाग पसरवणारी रंगाची पुडी, सूर्यप्रकाश फेकणारा आरसा आणि ‘गिब्सन गर्ल’ नावाचा पिवळा रेडिओ वैमानिकांच्या ओळखीचा झाला. या रेडिओची कंबर मुद्दाम बारीक ठेवलेली, म्हणजे तो मांड्यांमध्ये धरून हँडल फिरवता यायचं. हँडल फिरलं की वीज तयार व्हायची आणि संकटाचा संदेश आपोआप जायचा. अँटेना वर चढवायला सोबत पतंग दिलेला असे.

खरं काम सुरू झालं ते सॉलोमन बेटांच्या मोहिमेत, कॅटलिना या विमानावर. उडती नावच ती. पंख उंच खांबावर बसवलेले आणि मागे दोन्ही बाजूंना काचेचे मोठे फुगे, ज्यांतून माणूस आत ओढून घेता यायचा. वेग ताशी जेमतेम दोनशे किलोमीटर, त्यामुळे लढाऊ विमानांपुढे अगदी सोपं सावज. पण एका दमात ते हजारो किलोमीटर जाऊ शकायचं. बचावफेऱ्यांना ‘डम्बो’ हे नाव पडलं, डिस्नेच्या उडत्या हत्तीवरून. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या कॅटलिनाही या कामात होत्या.

१५ फेब्रुवारी १९४४ ला न्यू आयर्लंड बेटावरच्या काव्हिएंग बंदरावर अमेरिकी बॉम्बफेकी विमानांनी हल्ला चढवला, आणि त्यांतली काही किनाऱ्याजवळच पाण्यात पडली. नौदलाच्या व्हीपी-३४ स्क्वाड्रनचा (विमानतुकडीचा) कॅटलिना-वैमानिक लेफ्टनंट नेथन गॉर्डन जवळच घिरट्या घालत होता. तो उतरला तेव्हा पहिल्या ठिकाणी कोणीच सापडलं नाही. पुन्हा उडाला, पुन्हा उतरला. लाटा पाच मीटरच्या. इंजिनं चालू ठेवून माणसं आत घेणं जमेना, म्हणून किनाऱ्यावरून तोफा सुरू असताना त्याने दोन्ही इंजिनं बंद केली. बंद केलेलं इंजिन परत सुरू होईलच याची खात्री कोणत्याही वैमानिकाला नसते. आणि गॉर्डनने हे एकदा नव्हे, दर खेपेला केलं. सहा, मग तीन, आणि परतीच्या वाटेवर निरोप आल्यावर मागे फिरून आणखी सहा, असे पंधरा जण घेऊन तो निघाला. त्याला मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. पुढे तो वीस वर्षं आर्कान्सा राज्याचा लेफ्टनंट गव्हर्नर होता.

पण एकट्यादुकट्याच्या धाडसावर व्यवस्था चालत नाही. बदल झाला तो बचाव हल्ल्याच्या आराखड्यातच बसवला गेला तेव्हा. १९४३ च्या अखेरीपासून विमानवाहू जहाजांच्या हल्ल्याआधी लक्ष्याजवळ पाणबुड्या नेमल्या जाऊ लागल्या. ट्रुक या जपानी तळावरच्या हल्ल्यात, एप्रिल-मे १९४४ मध्ये, रिचर्ड ओकेनच्या ‘टँग’ पाणबुडीने २२ वैमानिक उचलले. त्यांतल्या काहींना जॉन बर्न्स या नौदलाच्या वैमानिकाने आपल्या सीप्लेनच्या पंखांवर बसवून तिच्यापर्यंत आणलं होतं; एवढ्या ओझ्याने उडता येईना, म्हणून विमान नावेसारखं पाण्यावरूनच चालवत. २ सप्टेंबर १९४४ ला चिचिजिमा या जपानी बेटाजवळ ‘फिनबॅक’ पाणबुडीने पाण्याबाहेर काढलेला वीस वर्षांचा मुलगा पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, तो थोरला जॉर्ज बुश. त्याचे दोन्ही साथीदार वाचले नाहीत. युद्धभरात पाणबुड्यांनी ५०४ वैमानिक वाचवले.

यात माणुसकी होतीच, पण रोकडा व्यवहारही होता. विमान कारखान्यात पटापट बनतं. वैमानिक तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. २० जून १९४४ च्या रात्री फिलिपिन समुद्रात हल्ल्याहून परतताना पेट्रोल संपून सुमारे ऐंशी अमेरिकी विमानं पडली किंवा उतरताना मोडली. तरी त्या मोहिमेत विमान गमावलेल्या २०९ जणांपैकी १६० परत मिळाले. जपानकडे इतकी आखीव व्यवस्था नव्हती, आणि त्यांचे मुरलेले वैमानिक गेले ते गेलेच.

लष्कराच्या हवाईदलानेही मिसिसिपीतल्या कीस्लर फील्डवर कॅटलिनाचं शिक्षण देऊन स्वतःच्या इमर्जन्सी रेस्क्यू स्क्वाड्रन उभ्या केल्या. शेवटी शेवटी पोटाखाली आठेक मीटरची लाकडी होडी बांधलेलं बी-१७ आलं. ती होडी पॅराशूटने खाली सोडायची. बी-२९ चे ‘सुपर-डम्बो’ जपानच्या किनाऱ्याजवळ घिरट्या घालत राहायचे.

आणि एवढं सगळं असूनही ‘इंडियानापोलिस’ घडलं. मारियानातल्या टिनियन बेटावर अणुबॉम्बचे भाग पोचवून निघालेली ही अमेरिकी युद्धनौका (क्रूझर) ३० जुलै १९४५ च्या मध्यरात्रीनंतर जपानी पाणबुडीने बुडवली. जवळपास ९०० माणसं पाण्यात होती, पण शोधाला कोणीच निघालं नाही. वैमानिक परतला नाही तर त्याचं स्क्वाड्रन लगेच चौकशी करायचं. युद्धनौका मात्र ठरल्या वेळी बंदरात पोचली असेलच, असं धरून चालायची पद्धत होती. साडेतीन दिवसांनी, २ ऑगस्टला, विल्बर ग्विन हा वैमानिक अँटेनाची तार नीट करताना खाली वाकला आणि त्याला पाण्यावर तेलाचा तवंग दिसला.

पेलेलिऊ बेटावरून कॅटलिना घेऊन निघालेल्या एड्रियन मार्क्सला खुल्या समुद्रात न उतरण्याचा सक्त आदेश होता. शार्क माणसं ओढून नेताना दिसल्यावर तो साडेतीन मीटरच्या लाटांत उतरला. रिव्हेट निखळले, शिवणी उसवल्या, पाणी आत आलं. आतली जागा भरल्यावर माणसं पंखांवर पॅराशूटच्या दोऱ्यांनी बांधली. ५६ जण त्याने असे रात्रभर धरून ठेवले. त्याने वाटेत जिला खबर दिली होती ती ‘सेसिल डॉइल’ ही विनाशिका हुकमाची वाट न पाहता वळली होती. तिच्या कप्तानाने, शत्रूच्या पाणबुडीला दिसण्याचा धोका पत्करून, सर्चलाइट सरळ आभाळाकडे लावला. ते विमान पुन्हा उडण्याजोगं राहिलं नाही. ‘डॉइल’नेच ते तोफेने बुडवलं.

जवळपास १,२०० पैकी ३१६ वाचले. मार्क्सला ॲडमिरल निमिट्झने एअर मेडल दिलं. कोर्ट मार्शल झालं ते जहाजाचा कप्तान मॅकव्हे याचं, आणि त्याला निर्दोष ठरवणारा ठराव अमेरिकी काँग्रेसने केला २००० साली, त्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर.